टोपलीवाले मेश्राम साहेब

मेश्राम साहेब पहिल्या दिवशी माझ्या कारखान्यात आले, तेव्हा मी टेबलावर चहा, बिस्किटं आणि तीन वर्षांचे ताळेबंद मांडून ठेवले होते. त्यांनी कशाकडेही पाहिलं नाही. बाह्या दुमडल्या आणि कचऱ्याची टोपली जमिनीवर उपडी केली.

"अहो, हे काय?"

"ताळेबंद तुम्ही लिहिता. टोपली आपोआप भरते."

बिबवेवाडीत माझा खुर्च्यांचा कारखाना आहे. वेल्डिंग करत करत उभा केलाय, बापाच्या पैशानं नाही. सरकारी कचेऱ्यांच्या लोखंडी खुर्च्या होत्या तोवर बरं चाललं. मग खराडीत काचेच्या इमारती उठल्या आणि तिथल्या पोरांना गुबगुबीत, फिरत्या खुर्च्या हव्या झाल्या. मी त्याही बनवल्या. ऑर्डरी वाढल्या, तरी दर महिन्याला मी खोलातच. शेवटी एका पतसंस्थेनं दोन हप्त्यांत कर्ज दिलं. दुसरा हप्ता त्यांच्या माणसाच्या सहीशिवाय नाही. दिवाळीपर्यंत तो आला नाही तर शटर खाली आणि चौदा माणसं घरी.

तो माणूस म्हणजे मेश्राम साहेब. निवृत्त अधिकारी, मूळचे नागपूरचे, राहायला येरवड्याला. रोज नऊला हजर. मला 'मालक' म्हणायचे, पण शिपायाला हाक मारावी तसं. आणि कशालाही एकच प्रश्न: "काहून?" म्हणजे कशाला.

"टोपलीत दोन कप जास्त आहेत, मालक."

"फोमवाला आला होता."

"काहून?"

माझं रक्त उकळायचं. पण सही त्यांची.

संध्याकाळी ते टोपलीतले फोमचे तुकडे निवडून काढत. "टाकलेलंच आहे. नेऊ?" असं रोज विचारून कापडी पिशवीत भरत. पुरावा गोळा करतोय म्हातारा, याबद्दल मला शंका उरली नव्हती.

दिवाळीला महिना उरला असताना त्यांनी फोमची एक पट्टी माझ्या टेबलावर ठेवली.

"ही शीट काहून घेता?"

"स्वस्त आहे म्हणून! दोन तास घासाघीस केलीय. पुण्यात या भावात कोणी आणून दाखवावी!"

"हिच्यातून तीन बैठका निघतात आणि ही पट्टी वाया जाते. वीतभर जास्त लांब शीट घ्या, चार निघतील."

"ती महाग आहे."

"मालक, तुम्ही भाव जिंकता. मग जिंकलेलं रोज या टोपलीत टाकता."

घासाघीस ही माझी एकमेव पदवी. ती या माणसानं कचऱ्यात दाखवली.

"चालते व्हा!" मी ओरडलो.

त्यांनी घड्याळ पाहिलं. "सहाला होतोच."

चौथ्या दिवशी गुपचूप लांब शीट मागवली. तो राग अजून गेलेला नाही, कारण त्यांचं बरोबर होतं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी त्यांनी शेवटची टोपली उपडी केली. दोरे, कप, केळ्याची साल. फोमचा तुकडा एकही नाही. त्यांनी सही केली. मग पुन्हा एकदा टोपलीत डोकावले आणि रिकाम्या पिशवीची घडी करून खिशात ठेवली. ती घडी माझ्या डोक्यातून जाईना.

फराळाचा डबा घेऊन मी येरवड्याला गेलो. खाटेवर वहिनी होत्या. कित्येक वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आलेला. टाचांखाली, कोपरांखाली, पाठीशी माझ्याच फोमचे तुकडे, जुन्या लुगड्याचे अभ्रे घालून शिवलेले. दबून दबून पापडासारखे झालेले.

"पाठीला जखमा होतात," साहेब म्हणाले. "तुकडे बदलत राहावे लागतात."

"मग आता?"

"आता तुमच्याकडे निघत नाहीत." आणि हे सांगताना चक्क खूश होते.

दुसऱ्या दिवशी मी शीट गुंडाळून नेली.

"पावती?"

"पावती कसली? तशीच घ्या."

"मग नको. ही टाकलेली नाही."

"बरं, शंभर द्या."

"बाजारात चारशेला आहे."

"दीडशे!"

"साडेतीनशे."

अर्धा तास मी भाव खाली ओढत होतो आणि ते वर.

"अहो, कोण भांडतंय?" आतून वहिनींनी अडखळत विचारलं.

"भांडत नाहीत. मालक आहेत."

शेवटी साडेतीनशे घेऊन मी निमूट जिना उतरलो. रस्त्यावर पोचेपर्यंत वरून हाक आली.

"मालक! गुंडाळीत दोन शीट आहेत! काहून?"

मी वर न बघता स्कूटरला किक मारली.