गरम हवेला जागा

आमच्या ओल ओढणाऱ्या मशीनने वैशाखात एसी व्हायचं कबूल केलं, पण जुन्या कामातून रीतसर सुटका मागितली.

हे मशीन नऊ वर्षं माजघरात आहे. जावयाने आणून दिलं. पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, तेव्हा ते दिवसाला अर्धी बालदी पाणी ओढतं. माझं शिक्षण चौथी. तरी मशीनचं बोलणं मला पहिल्या दिवसापासून समजलं, कारण ते कमी बोलतं.

यंदा माझी बायको द्वारका आजारातून उठली, पण तिला घाम यायचा बंद झाला. डॉक्टर म्हणाले, खोली थंड ठेवा, नाहीतर ती हा महिना काढणार नाही. नवा एसी बसवणारा माणूस जूनआधी यायला तयार नव्हता. मी मशीनला विचारलं.

"होईन," मशीन म्हणालं. "पण थंडी आत सोडायची तर गरमी बाहेर सोडावी लागते. या भिंतीमागे शेजारच्या परबांचं खळं आहे, त्यांचं अंगण. ते घेतील का?"

"कागदावर सही चालेल?"

"नाही. देवाला गाऱ्हाणं घाला, त्यात मला ओलीच्या कामातून सोडा. नारळासमोर त्यांनी होकार दिला पाहिजे."

परबाशी मी अठरा वर्षं बोललो नव्हतो. माझ्या फणसाची सावली त्याच्या खळ्यात पडते. फांदी तोड, म्हणाला होता. मी तोडली नाही.

"मी कुणाकडे मागत नाही," मी म्हणालो.

"मग मी ओल ओढत राहतो. त्याने खोली आणखी तापते. माझा इलाज नाही."

द्वारका माजघरातल्या खाटेवरून म्हणाली, "ताठो सांभाळा तुमचो. मी चल्लंय."

मी टोपी घातली.

परब खळ्यात आमसुलं वाळत घालत होता.

"तुमी वाट चुकलास काय?"

"भिंतीतून गरमी येईल. घेशील?"

"खंयची?"

"हिच्या खोलीतली. पाऊस लागेपर्यंत."

त्याने हातातलं आमसूल उलटं करून ठेवलं. "येवंदे," म्हणाला. फणसाचं नाव काढलं नाही. मी उत्तर तयार करून नेलं होतं. ते तसंच परत आणलं.

संध्याकाळी खाटेजवळ पाटावर नारळ ठेवून मी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या मशीनान नऊ वर्सां ओल ओढली. काय चुकला असात तर पोटात घे. आता त्येका थंडीच्या कामाक लाव. आणि ह्या घरातली गरमी परबाच्या खळ्यात जातली, तिका थंयसर जागा दी."

"व्हय म्हाराजा," परब म्हणाला. द्वारकाही म्हणाली. शेवटी मशीन म्हणालं आणि कामाला लागलं.

तिसऱ्या दिवशी द्वारकेने गोधडी मागितली. मी ती तिच्या पायांवर घातली आणि परबाकडे गेलो. त्याच्या खळ्यात उभं राहवत नव्हतं. तो उघड्या अंगाने चटईवर बसला होता, घामाने निथळत. मला बघून थोडा सरकला. मी बसलो.



"ही सगळी गरमी वयनींची?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो, आणि सदऱ्याची बटणं काढली.