भिकनआप्पांची घंटी

भिकनआप्पा सिनेमाला जाताना सायकल घरी ठेवत आणि तिची घंटी तेवढी काढून बरोबर नेत.

आम्ही दोघं सुरतेत बमरोलीच्या एका लूमखात्यात शेजारी-शेजारी कापड विणत होतो आणि राहायला नवागामला खोल्यांच्या एकाच ओळीत होतो. मी बुलढाण्याकडचा, आप्पा अमळनेरकडचे. नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. जवळच्या एका टॉकीजमध्ये रविवारी सकाळी एकच जुना गाण्यांचा सिनेमा वर्षानुवर्षं लागायचा. त्याला आम्ही नुसतं 'आपला पिक्चर' म्हणत असू. तो बघायला कुणी जात नसे, करायला जात.

म्हणजे असं, की खलनायक आला रे आला की खात्यातून खिशात भरून आणलेले सुताचे गुंते पडद्यावर फेकायचे. लग्नाच्या गाण्याला रंगीत सुताचे तुकडे अक्षता म्हणून उधळायचे. नायकाची आई खोकली की साऱ्या थेटरानं खोकायचं. या सगळ्याचे मुकादम आप्पा. पहिल्या रांगेत पाठ पडद्याकडे करून उभे राहायचे आणि हातानं खुणा करायचे, अगदी लूमवर करतात तशा. पिक्चर त्यांना इतका पाठ, की मागे वळून बघायची गरजच नव्हती.

एकदा एक सुरती गृहस्थ बायकामुलांसह चुकून आत आले. काही ऐकू येईना म्हणून बिचारे उभे राहून ओरडले, "अरे भाई, शांति राखो ने! कंई संभळातुं नथी!"

त्या गोंगाटात आप्पांना ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. वीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढून कान तसेही कामातून गेले होते. पण लूमवाल्याला कान लागतात कशाला? तो समोरच्याचे ओठ वाचतो. आप्पांनी ते लांबूनच वाचले आणि उत्तर दिलं, "सांभळवानुं शुं काम छे? जुओ ने!" म्हणजे ऐकायचंय कशाला, बघा की!

ओठ वाचण्यात आप्पांचा हात धरणारा कुणी नव्हता. शेठ काचेच्या केबिनमध्ये फोनवर काय बोलतो ते आप्पा आम्हाला इकडे मागावर उभे राहून सांगत. म्हणून तर त्यांच्या एका वागण्याचा मला राग येई.

पिक्चरमध्ये शेवटाकडे नायिका आगगाडीनं जाते. खिडकीतून नायकाला काहीतरी सांगते, पण शिट्टीत ते बुडून जातं. ती काय म्हणाली ते शेवटपर्यंत कळत नाही. मग थेटर तिच्या वतीनं बोलायचं. "डबा खाऊन घ्या!" "चिठ्ठी टाका!" "दूधवाल्याला नाही म्हणून सांगा!" हसून हसून पोट दुखायचं. त्यानंतर घंटी वाजवायची, की गाडी सुटायची. आणि नेमक्या त्याच वेळी आप्पा घंटी माझ्या हातात कोंबून बाहेर जात. दर रविवारी! लोक मागून ओरडत, "आप्पा, ओठ वाचा ना! काय म्हणते ती?" आप्पा वळूनही बघत नसत.

एका रविवारी मी चिडून त्यांच्या मागे गेलो. आप्पा शेंगदाणेवाल्यापाशी उभे होते. शेंगदाणे घेत नव्हते, नुसते उभे होते.

"काय म्हणते हो ती बाई?" मी तोंड त्यांच्यासमोर नेऊन विचारलं.

"ती? काही नही बोलत, भाऊ. नुसतं तोंड हालाले पाहिजे म्हनीसन एक, दोन, तीन, चार मोजी राहिनी." आप्पा हसले. मग हसू गेलं. "मनी बायको मात्र बोलनी व्हती."

आप्पांचं लग्न झालं होतं, हे मला तेव्हा कळलं. बायको एका दिवाळीला तीन आठवडे सुरतेला आली होती. आप्पा तेव्हा आठ जणांत एका खोलीत, पाळीपाळीनं झोपणारे. तिला बमरोलीत मावसबहिणीकडे ठेवलं. स्वतंत्र खोली मिळाली की बोलावतो म्हणाले आणि उधन्याच्या स्टेशनवर गाडीत बसवून दिलं. गाडी हलल्यावर ती खिडकीतून काहीतरी बोलली.

"पन तोंडवर पदर व्हता," आप्पा म्हणाले. "रडी राहिनी व्हती ना. ओठ दिसनात नही. मी आपली मान हालाई दिधी. हा, हा. कसाले हा म्हनं, तेच माहीत नही."

पुढच्याच उन्हाळ्यात ती गावी तापानं वारली. खोली मिळाली ती पावसाळ्यात. आप्पा तिथेच राहत होते, माझ्या शेजारी, इतकी वर्षं एकटे. मी शेंगदाणे घेतले आणि अर्धे त्यांच्या हातावर ठेवले.

पुढच्या रविवारी ते स्टेशन पडद्यावर आलं. आप्पांनी नेहमीसारखी घंटी माझ्या हातात दिली. पण गेले नाहीत. माझ्यादेखत पहिल्यांदाच वळून पडद्याकडे तोंड करून उभे राहिले. ते बघून लोक आपोआप गप्प झाले. आता आप्पा ओठ वाचणार!

नायिका खिडकीत आली. शिट्टी झाली. तिचे ओठ हलले.

आप्पा दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "ऐकू नही उनं वं! परत सांग ना! परत सांग!"

कुणी हसलं नाही. माझ्यामागचा एक दांडगा माणूस हातात सुताचा गुंता धरून तसाच बसला होता. गाडी सुटायची वेळ झाली, सगळे माझ्याकडे बघू लागले. मी घंटी मुठीत घट्ट धरली आणि वाजवलीच नाही.