साखळीचं मागचं टोक

झिंगराजींच्या ओट्यापासून माझ्या ओट्यापर्यंत अकरा पावलं आहेत. पावसाळ्यात तेरा. मी नव्या घरात सामान उतरवत होतो, तेव्हा सहा फुटी, काटक असा एक म्हातारा समोरून आला आणि नाव-गाव न विचारता म्हणाला, "अकरा भरले. म्हंजे बराबर एक साखळी. पान्याच्या दिवसांत तेरा होतीन, मंधातलं डबकं चुकवा लागते." एवढं सांगून तो आला तसा निघून गेला.

मी तेव्हा उमरखेडच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून रुजू झालो होतो. झिंगराजी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, बायको जाऊन वर्षं झालेली, घरात एकटेच. खात्यात ते साखळी धरत. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी. तिचं पुढचं टोक घेऊन एक गडी चालणार आणि मागचं टोक दुसरा खुंटीपाशी धरून बसणार. झिंगराजी तीस वर्षं मागचे. मागच्यानं "ठीक" म्हणून आवाज दिल्याशिवाय पुढच्यानं हलायचं नाही, हा त्या कामाचा कायदा. नोकरी सुटली, पण कायदा काही सुटला नाही.

लग्नाच्या पंगतीत ते हटकून शेवटच्या पाटावर बसत. सगळ्यांचे हात वाळले तरी हे निवांत भात कालवत असायचे. कोणी उठू लागलं की शांतपणे विचारत, "मागचा बोलला का?" की पंगत पुन्हा खाली बसायची. शेवटचा घास गिळून, तांब्याभर पाणी पिऊन ते "ठीक" म्हणत, तेव्हा सुटका. सरकारनं मीटर आणले तेव्हा ते चार दिवस घुश्शात होते. "मीटर म्हंजे ना हात, ना पाय. मोजाव कायनं?" असं त्यांचं म्हणणं.

तर एका वर्षी आमचे हेडमास्तर देशमुख यांच्या डोक्यात आलं, की दिवाळीच्या सुटीत बंदी भाग म्हणतात त्या डोंगरजंगलातून चालत पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाच्या धबधब्यापर्यंत जायचं. बरोबर दवाखान्यातले कंपाउंडर वानखडे, कापडवाले राठीशेठ आणि मी. चौघांपैकी एकानंही जन्मात डोंगर पायानं चढलेला नव्हता. मी तर शाळेचा जिना चढून वर्गात गेलो, की पहिली दहा मिनिटं पोरांना धडा मनातल्या मनात वाचायला सांगत असे.

वाट आखायला झिंगराजींशिवाय कोण? ते माझ्याच ओट्यावर कोळसा घेऊन बसले. देशमुखांनी नकाशा पुढे करून सांगितलं, की दोन दिवसांत होतं.

"नकाशात चढ राह्यते काय साहेब?" झिंगराजी म्हणाले. "चार दिवस, तीन मुक्काम. पानी पाहून मुक्काम आन् पाय पाहून चाल."

मग त्यांनी वाट काढली. पहिला मुक्काम नाल्याकाठी, दुसरा तांड्यावर, कारण तिथं ताक मिळतं. पण त्या वाटेवर गावांपेक्षा आम्हीच जास्त होतो. "इथं देशमुखसाहेब म्हनतीन, आता जवळच आहे. जवळ नाई. इथं राठीशेठ जोडा काढून हातात घेतीन. इथं वानखडे मले शिव्या देतीन." माझ्या नावाच्या पाच फुल्या होत्या. पाचही ठिकाणी "इथं मास्तर बसतीन" एवढंच.

"आणि धबधबा कसा आहे हो?" मी विचारलं.

"थ्याचं मले ठाऊक नाई. आवाज आयकला हाय. साहेब लोक पाहून आले. मी खुंटीपाशी होतो ना."

दुसऱ्या दिवसापासून आमची तालीम सुरू झाली. गावाबाहेरच्या टेकडीवर भल्या सकाळी, पाठीवर दहा दहा शेर ज्वारीचं गाठोडं. राठीशेठ पहिल्या दिवशी लोखंडी ट्रंक घेऊन आले होते. झिंगराजींनी ती टेकडीच्या पायथ्याशी ठेवून तिच्यावर राठीशेठना बसवलं आणि बाकीच्यांना वर नेलं. चढताना पावकीचा पाढा मोठ्यानं म्हणायचा. "अडखळले का बसजा. ज्याले बोलता येत नाई थ्याले चालता येत नाई." पावकीपायी पोरांना फोडून काढणारे देशमुख 'सतरा पावकी सव्वाचार'ला गारद होत. मी 'पाच पावकी सव्वा'च्या पुढे कधीच गेलो नाही.

तिसऱ्या आठवड्यात देशमुख मला बाजूला घेऊन गोड आवाजात म्हणाले, "मास्तर, तुम्ही असं करा ना, मोटारीनं जाऊन आम्हाला पलीकडे भेटा." त्यांचं चुकत नव्हतं. पण मला फार वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुठंतरी पायी जावंसं वाटत होतं, आणि मी तोंड पाडून हो म्हणणारच होतो.

झिंगराजी मागेच उभे होते. "मागचं टोक टाकून साखळी पुढं गेलेली पाह्यली काय साहेब तुमी? मास्तर येतीन. आन् सगळे मास्तरच्या चालीनं चालतीन." त्यांनी रोजची चाल पाऊण कोसानं कमी केली आणि विषय संपला.

निघायच्या दोन दिवस आधी त्यांनी बांबूच्या काठ्या तोडून आणल्या. ज्याच्या त्याच्या खांद्याएवढी काठी, तासून, गाठी घासून. काठ्या पाच होत्या. "एखादी मोडली तर असावी," देशमुख म्हणाले. माझ्या बायकोला, कुसुमला, झिंगराजींनी भाकरीही पाच जणांच्या करायला सांगितल्या. राठीशेठना तो हिशेब एकदम पटला.

आदल्या दिवशी दिवेलागणीला कुसुम भाकरी फडक्यात बांधता बांधता म्हणाली, "पाचवं कोण?"

"कोणी नाही. जास्तीचं आहे ते."

"आकडा चुकणारा माणूस आहे का तो?"

मी उठून कोपऱ्यातली पाचवी काठी हातात घेतली. ती माझ्या कपाळाला लागली. जास्तीची काठी कोणी एवढी लांब तोडत नाही. एवढ्या उंच खांद्याचा माणूस आमच्या आळीत एकच होता.

मला माझीच लाज वाटली. तीस वर्षं डोंगर तुडवलेल्या माणसाला पुन्हा डोंगर काय दाखवायचा, असं आम्ही चौघांनी परस्पर धरून टाकलं होतं. चला म्हणून एकानंही म्हटलं नव्हतं. आणि आमच्याकडे आवतणाशिवाय कोणी पंगतीला बसत नाही. वाढून झाल्यावर दुसरं बोलावणं गेल्याशिवाय तर पाटावरही येत नाही. झिंगराजी तर जुन्या वळणाचे. साहेबांच्या, शेठजींच्या मंडळीत ते आपणहून कसे येणार?

मी काठी घेतली आणि निघालो.

ते ओट्यावर बसून वहाणेला नवा तळ ठोकत होते.

"चौदा भरले," मी म्हणालो.

"चुकले मास्तर. अकरा हायेत."

"ते तुमचे, तिकडे येतानाचे. इकडे यायचे मी आज पहिल्यांदा मोजले."

दोन वर्षं शेजारी राहून मी त्यांच्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता.

"आवतण द्यायला आलोय झिंगराजी. उद्या आमच्यासोबत चला."

"मी? मी कायले? तुमी शिकलेले लोकं."

"मागचं टोक धरायला आमच्यात कोणी नाही."

त्यांनी काठीकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. "चौदा म्हंजे लयच लहान पाऊल हाय तुमचं," ते पुटपुटले. "दुसरा मुक्काम अल्लीकडं घ्या लागते." आणि आत जाऊन लगेच बाहेर आले ते बांधलेलं गाठोडं घेऊनच. ते कधीचं बांधून ठेवलं होतं, हे मी विचारलं नाही.

सकाळी आम्ही पाच जण पहिल्या चढाच्या पायथ्याशी उभे राहिलो. सर्वांत पुढे देशमुख, शेवटून दुसरा मी, माझ्या मागे झिंगराजी. "चला, आता जवळच आहे," म्हणत देशमुखांनी एक पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला.

त्या दिवशी मागून "ठीक" यायला अंमळ उशीर झाला. पण तोवर कोणी हललं नाही.