भोयेमामांचे उपाशी मुखवटे

भोयेमामा आपल्या गिऱ्हाइकांना दर महिन्याला फोन करतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "जेवला का?"

गिऱ्हाईक सुखावतं. आजकाल कोण कोणाची एवढी चौकशी करतं? "हो मामा, आत्ताच ताटावरून उठलो."

"तुमचं नाय इचारत. भिंतीवरच्याचं इचारतोय."

गिऱ्हाईक मान वळवून भिंतीकडे बघतं. गंगापूर रोडच्या एका डॉक्टरीणबाईंनी तर त्यानंतर आठ दिवस हॉलमधल्या भिंतीकडे पाठ करून चहा घेतला. हे त्यांनीच मला सांगितलं, तेही हॉलमध्ये नाही, अंगणात येऊन.

मामा कागदाच्या लगद्याचे मुखवटे करतात. पेठ रोडला, आमच्या कॉलनीच्या तोंडाशी, त्यांचा पत्र्याचा गाळा आहे. आत शिरलं की आधी मेथीचा कडवट वास येतो, कारण कीड लागू नये म्हणून ते लगद्यात मेथी वाटून घालतात. मग डोळे अंधाराला सरावतात आणि कळतं की पंचवीस-तीस जण आपल्याकडे बघताहेत. रावण, भीम, त्राटिका, नरसिंह. जाताना मामा दाराशी थांबून "येतो रे" म्हणतात. पाठमोरे असताना ते क्षणभर मान कलती करतात. काय ऐकतात, मी कधी विचारलेलं नाही.

मामांचं गाव सुरगाण्याकडच्या डोंगरात. तिथे बोहाडा व्हायचा. ठरलेल्या घरातल्या पुरुषाने ठरलेला मुखवटा घालायचा आणि संबळावर देवादैत्यांचं सोंग नाचवायचं. बापानंतर मुलाने. पण नाचणारी माणसं पोटामागे पांगली, काही गेली ती कायमची, आणि बोहाडा बंद पडला. मामा नाशकात आले. गावातले जुने मुखवटे देवळात राहिले. इथे ते नवे करतात.

त्यांचा सिद्धांत असा: मुखवट्याच्या आत वर्षातून एकदा तरी माणसाचा चेहरा गेला पाहिजे. नाही गेला तर तो उपाशी राहतो.

"मग काय होतं?" मी विचारलं होतं.

"मग तो घरातल्यांचे चेहरे खातो. सावकाश. मोठ्या बंगल्यांत जाऊन बघ कधी. माणसं असत्यात, पण चेहरे नसत्यात."

मी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटत मोठी झालेली मुलगी. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. आता ती मीच लिहिते. मामा मला 'पत्रकबाई' म्हणतात आणि उरलेले गठ्ठे लगद्याला मागून नेतात. "तुझा कागद लय बरा," ते म्हणतात. "कोणाचा हातच लागलेला नसतो."

आमची भांडणं दोन. पहिलं उपाशी मुखवट्यांवरून. दुसरं जास्त कडाक्याचं. "सोंग फक्त पुरुषानेच का घ्यायचं, मामा?"

"तशी रीत हाय."

"रीत कोणी घातली?"

"ज्यांनी घातली त्यांना इचार. ते बघ, तिथं टांगलेत."

असा माणूस धंदा करतो आणि तो चालतो, हे मला फार दिवस कोडं होतं. मग कळलं की त्यांची भुताटकी हाच त्यांचा हिशेबीपणा आहे. गिऱ्हाइकाने मुखवटा वर्षातून एकदा घालायचा, मग रंगाला गाळ्यावर आणायचा. गिऱ्हाईक धास्तीने का होईना, येतं. येताना भाऊबंदांना आणतं. कलाकाराने उपाशी राहावं ही आपल्याकडची सगळ्यात जुनी अंधश्रद्धा आहे. तिच्याविरुद्ध मी दहा पत्रकं लिहिली. मामांनी दुसरी अंधश्रद्धा काढून ती मोडली.

म्हणून दिंडोरीकडच्या एका द्राक्षमळ्यातल्या रिसॉर्टला त्यांचे मुखवटे हवेत असं कळल्यावर मीच मध्ये पडले. जेवणाच्या हॉलची अख्खी भिंत, बारा मुखवटे. एवढं काम मामांना कधीच मिळालं नव्हतं. अट मीच कागदावर लिहिली: प्रत्येक मुखवटा वर्षातून एकदा कोणीतरी घालेल, न घातल्यास मामा तो परत नेतील. मॅनेजर हसत हसत सही करून मोकळा झाला.

वर्ष संपत आलं तरी एकही मुखवटा रंगाला आला नाही. महिन्याचा फोन केला की मॅनेजर "हो हो, जेवले सगळे" म्हणायचा. मामा फोन ठेवून पुन्हा लगदा मळायला बसायचे. त्या दिवसांत ते खंगत गेले. "छातीत धाप लागती, पोरी," एकदा म्हणाले. "यंदा त्या बाराजणांना बघून येतो. पुढलं काय सांगावं."

आम्ही दुपारी रिसॉर्टवर पोचलो, जेवणं आटोपल्यावर. हॉल रिकामा होता. बारा चेहरे काचेतून द्राक्षांच्या ओळींकडे बघत होते. मामा भिंतीजवळ गेले, एकेकाच्या गालाखाली हात धरला आणि म्हणाले, "वाळलेत."

"मामा, रंग तर छान आहे," मॅनेजर म्हणाला. "आणि खरं सांगू? हे घालण्याबिलण्याचं आता राहू द्या. गेस्ट घाबरतात."

 मामांनी रावण उतरवला आणि घातला.

मी मामांना सात वर्षं ओळखते. ते जपून, डावा पाय किंचित ओढत चालतात. रावण छाती काढून, टाचा आपटत टेबलांमधून गेला आणि परत आला. मग भीम. भीम फेंगडा होता, दर चार पावलांवर थांबून नाक ओढत होता. नरसिंह लाजरा, भिंतीकडेने सरकणारा. भीमाने नाक कशाला ओढावं, नरसिंहाने कशाला लाजावं?  मॅनेजर मोबाइल काढून उभा होता, पण त्याने फोटो घेतला नाही.

आवाज ऐकून भांडी घासणाऱ्या बायका दाराशी आल्या. तेवढ्यात त्राटिका निघाली. कमरेवर हात, मान एका बाजूला, प्रत्येक वळणावर छोटीशी उडी.

दारातल्या एका बाईच्या हातातलं ताट खाली पडलं. ती पुढे आली. "मामा," ती म्हणाली, "हे माझे बाबा चालतेत."

मामांनी मुखवटा काढला. घामाने निथळत होते. "तू सोमाची हिरा ना?"

"बाबाला जाऊन सहा वर्सं झाली."

"ठाव हाय मला."

तेव्हा मला समजलं. मामा देव-दैत्य नाचवत नव्हते, ती सोंगं घेणाऱ्या गावच्या माणसांसारखे चालत होते. एकेक मुखवटा त्यांनी आठवणीतल्या एकेका गाववाल्याच्या चेहऱ्यावर बेतला होता, आतून, जिथे कोणी बघत नाही तिथे. वर्षभर फोनवर ते विचारत होते ते या माणसांबद्दल. अख्ख्या गावाचा बोहाडा त्यांनी एकट्याने चालू ठेवला होता.

हिरा मुखवट्याकडे बघत होती.  मामांनी त्राटिका तिच्या हातात दिली. "घाल. तुझ्याच घरचं सोंग हाय." माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "रीत म्हणून तरी किती उपाशी मारायचं?"

हिरा चालली. वळणावर छोटीशी उडी बरोबर पडली. मॅनेजर हळूच म्हणाला, "दरवर्षी घालू देत त्यांना. माझी हरकत नाही."

अकरा झाले. शेवटचा वेताळ राहिला. मामांनी तो मांडीवर घेतला, पण घातला नाही. खुर्चीवर बसून राहिले, धापा टाकत.

"हा कोणाचा, मामा?"

"माझा." मग म्हणाले, "सगळ्यांचे मी घालतो. माझा कोण घालनार?"

मामांना ना बायको ना मूल, हे कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे. तरी तो प्रश्न मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकला.

मी वेताळ घेतला. आत अंधार होता आणि मेथीचा वास. कडेला लगद्यात न विरघळलेली एक छापील ओळ होती, माझ्याच पत्रकाची. आतला कागद उबदार होता, जणू नुकताच कोणीतरी चेहरा बाहेर काढला असावा. ऊन काचेतून येत होतं, एवढंच, असं मी स्वतःला सांगितलं आणि चालू लागले. चार-पाच पावलांनंतर लक्षात आलं की माझा डावा पाय ओढतोय. मी तो सरळ टाकायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

हॉलच्या टोकापर्यंत जाऊन मी परत आले आणि मामांच्या खुर्चीसमोर थांबले. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे नाही, वेताळाकडे. कित्येक वर्षांनी भेटलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"जेवलास का रे?" त्यांनी विचारलं.

यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. आतून मी म्हणाले, "पोट भरलं, मामा."