थोपटायचं, घासायचं नाही

विश्रामकाका भेटले की तब्येत विचारत नाहीत, उंची विचारतात. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही त्यांनी भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी धरली आणि म्हणाले, "जास्त झालात. उपयोग नाय."

जयगडला होड्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. गेली वीसेक वर्षं आसपासच्या शाळांच्या भिंती रंगवतात. कार्टूनमध्ये असतं तसं जग: पोट सुटलेले माड, गुबगुबीत ढग, डोलणाऱ्या होड्या. ब्रशला हात लावत नाहीत. जुन्या एक्स-रेच्या फिल्ममध्ये कात्रीने ढगाच्या आकाराचं भोक पाडायचं, ती फिल्म भिंतीवर धरायची आणि गादीतल्या स्पंजने रंग द्यायचा. आमच्या शेजारची काकू पाहुण्यांना आमच्या शाळेची भिंत दाखवून सांगते, "तो डोंगर माझ्या गुडघ्याच्या फोटोतला."

मी एकदा स्पंज हातात घेतला, तर ओरडले, "थोपट गो, घासू नको. पोर झोपवायचंय, टोप घासायचा नाय."

त्यांच्या चित्रात प्राणी नाही की माणूस नाही. हेडबाईंनी ससा मागितला तेव्हा म्हणाले, "ससा पोरं होतील. मी जागा देतो." माझ्या आयुष्यातला पहिला फोटो त्याच भिंतीपुढचा. आमच्या घरातली पहिली पदवी मी घेतली, तेव्हा काळ्या झग्यातला फोटोही मी तिथेच येऊन काढला. आता त्याच शाळेत शिकवते. काकांचं ऋण मानते.

गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी मला वाटेत अडवलं. "उंची किती गो?"

"पाच फूट दोन, काका."

"मग चल घरी."

त्यांच्या पडवीच्या भिंतीवर समुद्र, माड, आणि मधेमधे मुलीच्या आकाराच्या कोऱ्या पांढऱ्या जागा. एक कंबरेएवढी, पुढची थोडी मोठी, अशा चढत्या.

"नात माझी. मुंबईला असते. दर मे महिन्यात यायची नि आपल्या जागेत उभी ऱ्हायची. तीन वर्षं आली नाय. दिवाळीत फोनवर म्हणाली, आजोबा, मी पाच-दोन झाले. तेव्हापास्नं त्या मापाचं माणूस शोधतोय."

मला जोडलेल्या वर्तमानपत्रांवर आडवी करून त्यांनी पेन्सिल फिरवली, खांद्यावरून बाजूला आलेल्या वेणीसकट. कागद कापून भिंतीला चिकटवला. आम्ही दोघांनी भोवती आकाश थोपटलं. कागद काढल्यावर निळाईत एक पांढरी मुलगी उरली.

"फोटो काढून पाठवूया? मी उभी राहते," मी म्हटलं.

"तू नको. रिकामीच पाठव. तिला कळू दे, जागा ठेवलीय."

पाठवला. पाचच मिनिटांत उत्तर आलं. मी वाचून दाखवलं: "आजोबा, वेणी कुणाची? मी केस कापलेत."

 काकांनी निळ्या रंगात स्पंज बुडवला, दोनदा पिळला, आणि पांढरी वेणी हळूहळू थोपटून आकाशात मिसळायला लागले.