दार उघडं ठेवण्याचा मूलभूत हक्क

आमच्या सोसायटीत नोटीस लागली की हिरेमठ काका चष्मा कपाळावर चढवतात, नाक फळ्याला टेकेल इतकं पुढं होऊन वाचतात आणि तिथल्या तिथं निकाल देतात, "घटनाबाह्य!" गच्चीवर पापड वाळत घालायला बंदी केली, घटनाबाह्य. कामाला येणाऱ्या बायकांनी खालच्या बाकावर बसू नये म्हटलं, तर थेट कलम चौदा. "समानता हाय की ओ! त्यांची पाठ दुखत न्हाय व्हय?"

मी सेक्रेटरी. म्हणजे कायदे मी करायचे आणि ते यांनी पाडायचे. एकदा वैतागून म्हणालो, "काका, सगळ्या कमिटीनं मंजूर केलंय." तर म्हणाले, "हात वर केले म्हणून नियम चांगला होत न्हाय. घटनेत बसतो का, हे बघायला कोणतरी लागतंय."

काका मूळचे मैंदर्गीचे. सोलापूरच्या कोर्टात न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून कारकुनी करण्यात सगळी हयात गेली. समोर यायचे ते बांधाचे आणि वाटणीचे दावे. मूलभूत हक्कांचे मोठे निकाल मात्र ते घरी बसून वाचायचे आणि भाकरी थापणाऱ्या काकूंना समजावून सांगायचे. काकू गेल्या. मुलगी हैदराबादला. तेव्हापासून समजावून घ्यायला आम्ही उरलो.

त्यांचं घर पहिल्या मजल्यावर, अगदी जिन्याला लागून. दार दिवसभर सताड उघडं. जाणाऱ्या-येणाऱ्याची आतून उलटतपासणी. "काय ओ सेक्रेटरी, आज परत दोडकं? घरच्यांवर अन्याय करालाव तुमी." मला याचा फार राग यायचा.

मग शेजारच्या इमारतीत भरदिवसा चोरी झाली. आम्ही नियम केला: फ्लॅटची दारं बंद ठेवावीत, पाहुणे आले असल्यास उघडी चालतील.

काकांनी सभेत कलम एकवीस काढलं. "जगणं म्हंजे नुसता श्वास घेणं न्हाय, हे सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय. मानासकट जगणं आलं त्यात. माझं दार त्यातच येतंय." लोक हसले. "हसालाव कशाला?" काका म्हणाले. "न्याय करा की."

"तुम्हीच करा!" कुणीतरी ओरडलं.

काका खरंच उठले आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. बराच वेळ डोळे मिटून विचार केला. मग म्हणाले, "चोरीची भीती खरी हाय. निर्बंध वाजवी. नियम वैध. अर्ज फेटाळला." टाळ्या पडल्या. आपलाच अर्ज फेटाळून काका घरी गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

त्यानंतर जिना चढताना मला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं. पिशवीत काय आहे, हे कुणी विचारेना. काकांनी फळ्याकडं येणंही सोडलं. नोटिसा बिनविरोध लागत होत्या आणि मला त्यात काही गंमत वाटत नव्हती.

एका संध्याकाळी काका माझ्या दारात उभे. इस्त्रीचा सदरा, हात जोडलेले.

"एक खुलासा पाहिजे होता. नियमात 'पाहुणे' लिवलंय. त्याची व्याख्या कुटंच न्हाय."

"तुम्हीच लावा की अर्थ. तुमच्याएवढं कुणाला कळतं?"

"न्हाय ओ. आपल्या विरुद्ध निकाल देता येतो. आपल्या बाजूनं न्हाय देता येत. शेजारी पाहुण्यात येतो का?"

"येतो," मी म्हणालो.

"चहा न घेता नुसता बसला तरी?"

"तरी येतो, काका."

मी चपला घालून त्यांच्याबरोबर खाली गेलो. काकांनी दार सताड उघडलं, मागं खटका लावला, मला खुर्ची दिली आणि आपली खुर्ची जिन्याकडं तोंड करून ठेवली. वरून कुणी धावत उतरलं, कुणी दमून चढलं, भांड्यांचा आवाज आला, एक लहान मूल पायरी-पायरीवर बसत गेलं. काका प्रत्येक पावलाला मान हलवत होते. गाणं ऐकावं तसं ते जिना ऐकत होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी थबकल्या. "अगंबाई! काका, आज दार उघडं?"

काका ताठ झाले, माझ्याकडं हात केला आणि म्हणाले, "पाहुणे आलेत घरी."