बोनाचा बी फ्लॅट

एसी दुरुस्त करायला आलेला माणूस आधी स्क्रू-ड्रायव्हर काढतो. बोनाने चपला काढल्या, आमच्या पलंगावर चढला, एसीला कान लावला आणि डोळे मिटले. एक मिनिट गेलं. दोन गेली. माझी बायको वैशाली पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी. तिने मला खुणेनेच विचारलं, झोपले का?

"बी फ्लॅट," बोना डोळे न उघडता म्हणाला.

"अगंबाई! खर्चिक आहे का?"

"बिघाड नाही वहिनी, सूर आहे सूर. काय चोख लागलाय! गाणाऱ्यालासुद्धा इतका वेळ धरवत नाही."

"अहो, पण त्या घूंऽऽ घूंऽऽने मला झोप येत नाही!"

"कूलिंग देतोय ना? मग गाऊ दे."

आणि चहा पिऊन, आवाज होता तसाच ठेवून, गृहस्थ निघून गेला. ही जुलैची गोष्ट. त्यानंतर तीन महिने दर शुक्रवारी तो यायचा, फिल्टर धुवायचा, पाच मिनिटं एसी ऐकायचा आणि जायचा. देवळात जातात तसा.

बोनाव्हेंचर घोन्सालविस. वसईकडच्या एका खेड्यातला. ओमानातल्या निझव्यात बावीस वर्षं एसीचं काम करून फोरमन झालेला, पन्नाशीचा, एकटा जीव. मी इथे औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट. वीस किलोमीटरच्या परिसरात सणावारी मराठीत भांडता येईल असा हा एकच माणूस, म्हणून आमची मैत्री. पण खरं सांगू? मुंबईत असतो तरी मी याला शोधून काढला असता.

कारण बोनाला अख्खी दुनिया एसीसारखी दिसते. माझे मॅनेजर एकदा विनाकारण भडकले, तर बोना म्हणाला, "थर्मोस्टॅट गेलाय त्यांचा. कधी ट्रिप होतील सांगता येत नाही." माझी मुलगी इंग्रजी शाळेतली, ती "काका, तुम्ही बसला का?" असं अडखळत विचारते. त्यावर हा कौतुकाने, "सिग्नल येतोय ना, बास. रिमोटचे सेल तेवढे वीक आहेत." आणि मी रंगात येऊन एखादा किस्सा सांगितला की, "देसाय, हवा थंडगार आहे तुमची. पण डक्ट फार लांब. शेवटच्या खोलीपर्यंत पोचत नाही."

दुसरं वेड ट्रम्पेटचं. त्याचे वडील गावच्या ब्रास बँडचे मास्तर. त्यांचा जुना ट्रम्पेट याच्याकडे आहे. त्याचं एक वळण फुटलं होतं, ते बोनाने एसीच्या तांब्याच्या पाइपचा तुकडा डाग देऊन बसवलंय. पिवळ्याधमक पितळेत हे एवढंसं लाल ठिगळ. खोलीत वाजवला तर शेजारी ओरडतात, म्हणून हा संध्याकाळी वादीत, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रात जाऊन शेळ्यांपुढे वाजवतो. खजुराच्या बागेतला एक म्हातारा ओमानी रोज येऊन दगडावर बसतो आणि बोना थांबला की नाराजीने विचारतो, "खलास?" एवढाच त्याचा रसिकवर्ग.

तर हा बोना ऑक्टोबरात एकदा दुकानात आला आणि म्हणाला, "देसाय, या वीकएंडला मस्कत. जर्मन लोकांचा बिअर फेस्टिव्हल आहे, समुद्राकाठच्या हॉटेलात. दोन पास काढलेत. काळी पँट, पांढरा शर्ट घाला."

"बिअर प्यायला ड्रेस कोड?"

"घाला ना. वाद कशाला?"

आता मी बिअरला नाही म्हणणाऱ्यांतला नाही. वैशालीने "मर्यादेत" एवढा एकच शब्द पण असा काही उच्चारला, की तो मला मस्कतपर्यंत ऐकू येत होता. मस्कतमधल्याच बौशरला बोनाच्या मावसभावाकडे मुक्काम ठरला. गाडी निघाली. अर्ध्या वाटेवर पेट्रोल भरताना बोनाने डिकी उघडली. आत हत्यारांची पिशवी, शेजारी टॉवेलमध्ये गुंडाळलेला ट्रम्पेट आणि प्लॅस्टिकच्या फायलीत कागदांची चळत. जांभळ्या शाईने हाताने लिहिलेलं नोटेशन, त्याच्या झेरॉक्स.

"बोना, हे काय?"

"तिथे खरा बँड येतो. जर्मनीहून. बारा माणसं." तो डिकीत बघूनच बोलत होता. "मला त्यांच्याबरोबर एक मार्च वाजवायचाय. आमच्या गावचा, लग्नाचा. तीन मिनिटं फक्त."

"त्यांना विचारलंयस?"

"हॉटेलला चार वेळा विचारलं. चार वेळा नाही म्हणाले."

"मग?"

"मग काय, इन्शाल्ला. यल्ला, बसा."

हॉटेलच्या हिरवळीवर तंबू, निळ्या-पांढऱ्या पताका, लांबच लांब लाकडी बाकं. फिलिपिनो मुली झालरींचे जर्मन फ्रॉक घालून दोन्ही हातांत चार-चार मग नाचवत होत्या. आमच्या टेबलाचा वेटर शाजी, गाव अलेप्पी. गुडघ्यापर्यंत चामड्याची चड्डी, वर पट्टे, डोक्यावर पिसाची टोपी. मी मोबाईल वर केला तर हात जोडून म्हणाला, "सर, फोटो मत खींचो. अम्मा देखेगा तो टिकट भेजके वापस बुलाएगा."

पांढऱ्या शर्टाने माझाही घात केला. एका गोऱ्या बाईंनी मला नॅपकिन आणायला पाठवलं. मी आणून दिले. वाद कशाला?

बोनाने बिअरला हात लावला नाही. "ओठ सैल पडतात. आणि गाडी चालवायचीय." त्याचाही मग माझ्यापुढे आला. मैत्रीत अशी ओझी उचलावी लागतात.

बँड मंचावर चढला. वाजवण्याआधी सगळ्यांनी मिळून एक लांब सूर धरला. बोनाने माझं मनगट आवळलं. "ऐकलंत? तुमची बेडरूम!"

खरंच की. तोच घूंऽऽ. सगळा बँड आमच्या एसीला जुळवून घेत होता.

मग धमाल उडाली. माणसं बाकांवर चढली, बिअरचे मग आपटू लागली. बोना मात्र कपाळाला आठ्या घालून बसलेला. दोन गाणी झाली आणि तो म्हणाला, "गॅस लीक आहे."

"कुठे?"

"तो मोठा भोंगा. ट्यूबा. खालच्या सुरात हवा सुटतेय. बिचारा फुंकून फुंकून लाल झालाय बघा."

मला तो माणूस बिअरने लाल झालेला वाटत होता. पण मध्यंतर होताच बोना बाकाखालून हत्यारांची पिशवी, टॉवेलची गुंडाळी आणि फाईल उचलून थेट मंचामागे. मी माझे दोन्ही मग घेऊन त्याच्या मागे. हॉटेलचा मॅनेजर धावत आला. "मिस्टर, तुम्हाला सांगितलंय ना, पाहुण्यांना परवानगी नाही!" बोनाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ट्यूबावाल्या म्हाताऱ्याला म्हणाला, "युवर पाइप लीकिंग."

"इम्पॉसिबल," म्हातारा म्हणाला. "सर्व्हिस्ड लास्ट मंथ."

"ऑल कस्टमर सेईंग लाइक दॅट."

एसीवाले गळती कशी शोधतात ठाऊक आहे? सांध्यावर साबणाचा फेस लावतात. हवा सुटत असेल तिथे बुडबुडे येतात. इथे साबण कुठला? बोनाने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या भरलेल्या मगात चार बोटं बुडवली. बिअरचा पांढराशुभ्र फेस त्याने त्या पितळी नळ्यांवर लोणी चोपडावं तसा चोपडला. "देसाय, तोंड बंद करा."

"मी बोललो का काही?"

"तुमचं नाही, भोंग्याचं!"

म्हणून मी, निझव्याचा प्रतिष्ठित फार्मसिस्ट, खुर्चीवरच्या एका उशीसकट त्या भोंग्याला मिठी मारून उभा राहिलो. म्हाताऱ्याने फुंकर घातली. तिसऱ्या वळणाच्या सांध्यावर टपोरे बुडबुडे, एकामागून एक! बारा जर्मन वाकून बघायला लागले. म्हाताऱ्याने स्वतःच्या भाषेत काहीतरी म्हटलं. ते सभ्य नसावं. बोनाने पाच मिनिटांत पुट्टी लावली, वरून टेप आवळली. "टेम्पररी. घरी जाऊन डाग देऊन घ्या." म्हाताऱ्याने खालचा सूर फुंकला आणि माझ्या पोटातली बिअर थरथरली.

"व्हॉट वी पे?" म्हातारा म्हणाला.

बोनाने टॉवेल सोडला. ट्रम्पेट पुढे धरला. मग कागदांची फाईलही पुढे केली. म्हाताऱ्याने तांब्याच्या ठिगळावरून अंगठा फिरवला, बोनाकडे पाहिलं. मग जांभळ्या शाईचा कागद डोळ्यांजवळ नेला, ओठांतल्या ओठांत गुणगुणला आणि झेरॉक्सा वाटून टाकल्या. मॅनेजर काही बोलणार, इतक्यात शाजी दोन भरलेले मग घेऊन त्याच्या बरोब्बर आडवा आला. चामड्याच्या चड्डीतला माणूस एवढा भव्य दिसू शकतो हे मला तेव्हा कळलं.

तीन मिनिटं. वसईच्या एका मास्तराने लिहिलेले सूर बारा जर्मन वाचत होते आणि मध्ये पांढऱ्या शर्टातला बोना. पहिल्या ओळीला सूर जरा कापरा होता, मग असा सुटला! सगळा तंबू नाचला. नॅपकिनवाल्या बाईंनी मला ओढलं, मीही नाचलो. मर्यादेत.

नंतर पार्किंगमध्ये बोना ट्रम्पेट पुसत बसला होता. पुसून झाला तरी पुसतच होता.

"काय बोना, लग्नाचा मार्च वाजवलास आणि डोळे लाल?"

"बाबा गेला जूनमध्ये," तो म्हणाला.

मी खालीच बसलो. जूनमध्ये तो आठवडाभर नव्हता. गावाला काम होतं, एवढंच म्हणाला होता.

"दुसऱ्याच दिवशी माती दिली. मी पोचलो तिसऱ्या दिवशी. आमच्यात बँडवाला गेला ना, की त्याचे सोबती वाजवत नेतात त्याला. बाबाने किती जणांना नेलं! पण त्याच्या वेळेला बँडच उरला नव्हता. पोरं डीजे लावतात. चार म्हातारे होते, त्यांतल्या दोघांचे दात पडलेले, फुंकणार कसे? मुकाट गेला, देसाय. बाजा न वाजता." त्याने टॉवेल गुंडाळला. "रडका सूर त्याला आवडायचा नाही. म्हणून लग्नाचा."

मी माझ्या पांढऱ्या शर्टाकडे, काळ्या पँटीकडे पाहिलं. मला त्याने बिअरला नाही, बाबाला पोचवायला नेलं होतं, ते तेव्हा समजलं.

"आणि तो बी फ्लॅट?"

"वाजवायच्या आधी बाबा तो सूर द्यायचा. सगळे जुळेपर्यंत धरून ठेवायचा."

पुढच्या शुक्रवारी तो नेहमीसारखा आला. पण या वेळी चपला काढून पलंगावर चढला आणि कान न लावता थेट स्क्रू-ड्रायव्हर लावला. "वहिनी, फॅनचं बेअरिंग आहे. आज काढून टाकतो आवाज. खूप दिवस त्रास दिला तुम्हाला."

मी वैशालीला सगळं सांगितलं होतं. ती पाण्याचा ग्लास घेऊन दारातच उभी होती.

"राहू द्या हो, भाऊजी," ती म्हणाली. "आता त्याच्याशिवाय मला झोप येत नाही."

बोनाने एसीला हलकेच कान लावला. मग निघालेला स्क्रू त्याने परत घट्ट बसवला.

"फिल्टर तरी धुतो," तो म्हणाला.